फादर दिब्रिटोंचं नंदाखाल

विरार स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडून आगाशीची वाट धरली, की बोळिंजपर्यंत इमारतींची गर्दी सुटत नाही. तिथून पुढे रस्ता अरुंद होतो, कुंपणाआड केळी आणि नारळाच्या वाड्या दिसू लागतात, वळणावर एखादा क्रूस आणि त्याच्या पायाशी वाहिलेली फुलं. नंदाखाल आलं, हे कुणाला विचारावं लागत नाही.

इथलं पवित्र आत्मा चर्च सोळाव्या शतकातलं, पोर्तुगीजांच्या अमदानीतलं. १५३४ मध्ये वसई त्यांच्या हाती गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. राजवटी आल्या-गेल्या, पण भोवतालचा ख्रिस्ती समाज आपली शेती आणि आपली बोली धरून इथेच राहिला. घरात कादोडी, चर्चमध्ये मराठी. लाल लुगडं नेसणाऱ्या आजीबाई आता थोड्या उरल्या आहेत, पण सणासुदीला नातीही हौसेनं ते नेसतात.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच गावचे. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले आणि अंत्यविधीची मिस्सा याच चर्चमध्ये झाली. मराठी साहित्याच्या जगाने लेखक गमावला. धर्मग्रामातल्या माणसांनी मात्र आपल्या पाण्यासाठी भांडलेला माणूस गमावला, आणि माझ्या मते फादरांची खरी ओळख तिथूनच सुरू होते.

ती समजण्यासाठी आधी बावखल पाहायला हवं. वाडीच्या कडेला असलेलं हे गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरींना आधार देतं. समुद्र इथून फार लांब नाही. जमिनीच्या पोटात गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. रहाटानं वाडीपुरतं उपसलं तर त्याला धक्का लागत नाही. पंप लावून बेसुमार उपसा केला, की खारं पाणी वर सरकतं, विहीर मचूळ होते, केळीची पानं कडेनं करपू लागतात. ऐंशीच्या दशकात टँकर इथल्या विहिरींचं पाणी शहराकडे वाहू लागले आणि पाठोपाठ बिल्डरांची नजर हिरव्या पट्ट्यावर पडली, तेव्हा शेतकऱ्यांच्या पोटात गोळा आला तो यामुळे.

झगा घातलेला धर्मगुरू अशा वेळी काय करील? प्रार्थना करील, समजूत घालील. फादर दिब्रिटो माणसांसोबत रस्त्यावर उतरले. हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली मोर्चे निघाले. त्यात ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते. ज्या काळात गुंडगिरीविरुद्ध बोलायला माणसं घरातही आवाज खाली आणत, त्या काळात फादर सभेत उघड बोलत. त्यांना धमक्या आल्या, तरी ते मागे हटले नाहीत. वसईच्या माणसाला ताठ उभं राहायला शिकवलं ते या आंदोलनानं, असं मी मनापासून मानतो.

हाताशी ‘सुवार्ता’ होतं. १९८३ पासून २००७ पर्यंत त्यांनी हे मासिक चालवलं आणि चर्चच्या चौकटीबाहेरच्या वाचकांसाठीही ते खुलं केलं. पुढे ‘सुबोध बायबल’ हा त्यांनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद आला. त्याचं मोल कळायला थोडं मागे जावं लागतं. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. गुडघे टेकलेल्या शेतकऱ्याच्या कानावर शब्द पडत, अर्थ पोचत नसे. १९६५ नंतर उपासनेत मराठी आली आणि फादरांनी बायबलला घरच्या माणसाशी बोलावं तशी सोपी, नितळ मराठी दिली. या ग्रंथाला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. पुरस्काराची बातमी मोठी होतीच, पण वाडीतल्या बाईला शास्त्रवचन दुसऱ्याकडून समजावून घ्यावं लागू नये, याचं मोल मला अधिक वाटतं.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. या पदावरचे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून विरोधही झाला. पाठीचं दुखणं अंगावर घेऊन ते संमेलनाला गेले आणि लेखकानं अन्यायापुढे गप्प बसू नये, हे त्यांनी तिथेही ठामपणे सांगितलं. ज्ञानोबा-तुकोबांचा वारसा ते आपला मानत, आणि तो तसा होताच.

वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये झाली आणि गावं तीत घ्यायची की नाही यावरून पुन्हा लढा पेटला. तो वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. इमारती बोळिंज ओलांडून पुढे येताहेत, काही बावखलं बुजली, काही गावकऱ्यांनी उपसून पुन्हा जिवंत केली. नंदाखालला जायचं तर दोन नोव्हेंबरच्या सुमारास जावं. दिवंगतांच्या त्या दिवशी कबरी झाडून, धुऊन, फुलांनी आणि मेणबत्त्यांनी सजवतात आणि घरातली मुलं आजोबा-पणजोबांची नावं पाठ करत उभी असतात. मिस्सा मराठीत असते. बाहेरच्या माणसानंही मागच्या बाकावर बसावं, आणि मग वाडीतून चक्कर मारताना एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला फादरांबद्दल विचारावं. तो हातातलं काम ठेवून बोलेल, आणि बोलता बोलता आधी आपली विहीर दाखवेल.