वजन उतरलं, पण नेमकं काय उतरलं?

गॅदरिंग जवळ आलं की कॅन्टीनमधल्या वडापावला ब्रेक लागतो आणि 'आजपासून फक्त सूप' अशा घोषणा सुरू होतात. जोडीला ट्रेडमिलवर तासभर पळापळ. महिनाभरात काटा चार किलो खाली येतो, 'बिफोर-आफ्टर'चा फोटो पडतो आणि आपण खूश! पण हे चार किलो नेमके कशाचे होते, हे कुणी विचारतच नाही.

वजन म्हणजे फक्त चरबी नाही. त्यात हाडं, पाणी, स्नायू सगळंच आलं. खाणं कमी केलं की शरीर साठवलेली चरबी वापरतं, पण सोबत थोडे स्नायूही मोडून खातं. काट्याला यातला फरक कळत नाही.

आपल्याला मात्र तो कळायला हवा. २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला होता. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सेम, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! वरून बारीक, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी ठेवण आपल्याकडे बऱ्याच जणांची असते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर ओढून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात. मुळात कमी असलेले हे स्नायू क्रॅश डाएटमध्ये घालवणं म्हणजे पुढे डायबेटिसला आमंत्रणच.

इथेच स्ट्रेंथ ट्रेनिंग कामी येतं. स्नायूंवर नियमित भार पडला की शरीराला निरोप जातो, 'हे वापरात आहेत, यांना हात लावू नकोस.' मग उतरणाऱ्या वजनात चरबीचा वाटा वाढतो.

'पण वजनं उचलली की मुलांसारखी बॉडी होईल ना?' हा मुलींचा हमखास प्रश्न. नाही होणार. मुलींमध्ये टेस्टोस्टेरॉन खूप कमी असतं आणि कमी खात असताना स्नायू फुगवणं तर मुलांनाही जड जातं.

जिमची फी परवडत नाही? आपल्या तालमींमध्ये पिढ्यान् पिढ्या जोर-बैठकाच तर मारल्या जातायत! जोर जमत नसतील तर आधी भिंतीला हात टेकून मारा. बैठका सोप्या वाटायला लागल्या की पुस्तकांनी भरलेली सॅक पाठीवर घ्या. भार हळूहळू वाढवत नेणं महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम करायला सांगते. चालणं-पळणंही सोडू नका, ते हृदयासाठी हवंच. आधीची दुखापत किंवा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

आणि हो, नुसत्या सूपवर स्नायू टिकत नाहीत. आयसीएमआरच्या हिशेबाने रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. वजन उतरवताना त्याहून थोडं जास्तच बरं. एका अंड्यात सहा ग्रॅम मिळतं, ५० ग्रॅम सुक्या सोया चंक्समध्ये पंचवीसेक. उसळ, दही, शेंगदाणे तर हॉस्टेलवरही मिळतात.

तेव्हा महिनाभर रोज काट्यावर चढण्यापेक्षा वहीत दोन आकडे लिहा: कमरेचं माप आणि सलग किती जोर मारले. पहिला कमी होत असेल आणि दुसरा वाढत असेल, तर काटा काहीही म्हणो, तुमचं बरोबर चाललंय!