छंद नौकेचा, काळजी फुप्फुसाची

पिरंगुटला पाऊस लागला की खिडक्या बंद होतात आणि टेबलावरचे छंद सुरू होतात. युद्धनौकेची प्रतिकृती त्यातलीच. २०२२ साली नौदलात आलेली २६२ मीटरची विमानवाहू ‘विक्रांत’ १:३५० प्रमाणात ७५ सेंटिमीटर भरते. हौशी मंडळी अशा नौकेला वेगळे विकत आणलेले रेझिनचे भाग, पितळी पत्र्याचे कठडे जोडतात. रेझिन कोरडे घासू नये. बारीक धूळ फुप्फुसात जाते, तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. पॉलिश पेपर ओला करून घासावे. फेविक्विकने बोटे चिकटल्यास ओढू नयेत, साबणाच्या कोमट पाण्यात बुडवावीत. डोळ्यात उडाल्यास पापण्या न ताणता, पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. त्याच्या वाफेने नाक-डोळे चुरचुरतात, तेव्हा खिडकी उघडीच हवी; थोडा पाऊस आत आला तरी चालेल.