बोटीचा रस्त्यावरचा प्रवास

बोट ही पाण्याची वस्तू. पण कारखान्यातून निघून पाण्याला लागेपर्यंतचा तिचा पहिला प्रवास पुष्कळदा रस्त्यावरूनच होतो, आणि तोच सर्वांत जोखमीचा असतो. पालघर-बोईसर पट्ट्यातील आपल्या समाजबांधवांना हा विषय पूर्वी परका वाटला असता. आपली दुकाने कापडाची, धान्याची, औषधांची, हार्डवेअरची. सातपाटी-मुरब्याच्या बंदरावर बोटी असत, पण त्या मासेमारीच्या; त्या धंद्याशी आपला संबंध नाही आणि नसावा. आता मात्र तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे रेझिन, फायबर, रंग यांचा व्यापार आपल्या घरांत आला आहे. धरणांच्या जलाशयांवर पर्यटकांना फिरवणाऱ्या फायबरच्या प्रवासी बोटी विकण्याचे किंवा विकत घेऊन चालवण्याचे विचार तरुण मुले करू लागली आहेत. कोळगावला जिल्हा मुख्यालय आल्यापासून आणि वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाल्यापासून पाण्याशी निगडित व्यवसायांची चर्चा घराघरांत आहे. बँकेत असताना अशा कर्जप्रकरणांचे कागद हाताखालून गेले. बोटीची किंमत, इंजिनाची किंमत, परवाने, सारे अंदाजपत्रकात काटेकोर मांडलेले असे. वाहतुकीसमोर एक गोल रक्कम आणि पुढे ‘अंदाजे’. हा लेख त्या ‘अंदाजे’विषयी आहे.

एक उदाहरण घेऊ. कोळगावजवळून एक प्रवासी बोट कोयनेच्या शिवसागर जलाशयावर, तापोळ्याला न्यायची आहे. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. मनोरला महामार्ग लागतो तोवर फारशी चिंता नाही. पुढे ठाणे परिसरात अवजड वाहनांना ठरावीक वेळांत बंदी असते, म्हणून वाडा-भिवंडी मार्गाचा विचार करावा लागतो. पुण्यानंतर वाईचा पसरणी घाट, महाबळेश्वरची झाडांच्या फांद्यांनी झाकलेली वळणे आणि शेवटी तापोळ्याचा अरुंद उतार. ट्रक तेथे पोहोचेल. पण बोटीसह पोहोचेल का, हा प्रश्न भाडे ठरवण्याआधीचा आहे. म्हणून पहिले काम दूरध्वनीचे नव्हे, टेपचे. बोटीची लांबी, सर्वांत रुंद जागी रुंदी आणि तळापासून सर्वांत उंच भागापर्यंतची उंची स्वतः मोजावी. त्यात खालच्या लाकडी घोडीची उंची आणि गाडीच्या फळीची जमिनीपासूनची उंची मिळवावी. सव्वादोन मीटर उंचीची बोट, तीस सेंटिमीटरची घोडी, साध्या ट्रकची जवळपास दीड मीटरची फळी, ही बेरीज चार मीटरच्या वर जाते. तीच बोट लो-बेड ट्रेलरवर ठेवली तर साडेतीन मीटरच्या आसपास राहते. विद्युतीकरण झालेल्या रेल्वेमार्गाच्या फाटकापाशी उंचीची जी कमान असते ती ४.६७ मीटरची; गावांतील लोंबत्या विजेच्या तारांना असे कोणतेही माप नसते. रुंदीचे म्हणाल तर मोटार वाहन नियमांप्रमाणे वाहनाची मर्यादा २.६ मीटर आहे. बोट त्याहून रुंद असेल तर विशेष परवानगीचा माल झाला, आणि मग सारा हिशेबच बदलतो.

तो किती बदलतो हे ई-वे बिलावरून कळते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या मालाला आणि राज्याबाहेर पन्नास हजारांवरील मालाला ते लागते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत मिळते. प्रमाणाबाहेरच्या मालाला दर २० किलोमीटरला एक दिवस. म्हणजे तापोळ्याच्या प्रवासाला एका हिशेबाने दोन दिवस आणि दुसऱ्या हिशेबाने अठरा. सरकारने ही मुदत उदार होऊन दिलेली नाही; असा माल खरोखरच त्या गतीने चालतो. तिरुवनंतपुरमच्या अंतराळ केंद्रासाठी महाराष्ट्रातून निघालेले एक प्रचंड यंत्र ७४ चाकांच्या वाहनावरून नेले गेले. जुलै २०१९ मध्ये निघालेले ते यंत्र जुलै २०२० मध्ये पोहोचले. वाटेत तारा उचलाव्या लागल्या, झाडे तोडावी लागली, मध्ये टाळेबंदी आली. आपली बोट एवढी मोठी नसते, पण अडथळ्यांची जात तीच.

वाहतूकदार निवडताना आपल्याकडे एक सवय आहे: चार ठिकाणी विचारायचे आणि सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला गाडी लावायला सांगायची. धान्याच्या पोत्यांना हे चालते. पोते फाटले तर शिवता येते. बोटीच्या बाबतीत कमी दराचा अर्थ बहुधा असा असतो की दर सांगणाऱ्याकडे गाडीच नाही. तो दलाल आहे, आणि परतीच्या वाटेवरचा कोणताही रिकामा ट्रक तो आपल्या दारात उभा करणार आहे. दलाली हा प्रामाणिक व्यवसाय आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु गाडी कोणाची, बिल्टी कोणाच्या नावाची आणि जबाबदारी कोणाची, हे तीन प्रश्न लेखी विचारलेच पाहिजेत. आमच्या बँकेत बिल्टीवर हुंडी वटवताना ती भारतीय बँक संघाच्या शिफारस-यादीतील वाहतूकदाराची आहे का, हे पाहिले जाई. त्या यादीत नाव असणे म्हणजे सर्व काही ठीक असे नव्हे. पण मागे उभी राहणारी एक संस्था तरी असते.

कमी दराचा इतिहास आपल्या समाजाला नवा नाही. सोलापूरच्या जैन घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली, त्यानंतर परकी कंपन्यांनी भाडी पाडून तिला नामोहरम करण्याचा प्रयत्न केला. त्या स्वस्त भाड्यात व्यापाऱ्याचे हित कोणी पाहत नव्हते.

आता एक प्रकरण सांगतो. आमच्या शाखेचे एक जुने खातेदार, धान्याचे व्यापारी. मुलाने फायबरच्या बोटींचे काम सुरू केले. वडिलांची संमती अर्धीच होती. पहिली मोठी बोट, किंमत साडेनऊ लाख, बँकेचे कर्ज घेऊन तयार झाली आणि ४२ हजार भाड्याने एका ट्रकमधून घाटावर गेली. बोट दोन लाकडी ओंडक्यांवर आडवी टेकवली होती. फायबरची बोट पाण्यात सर्व अंगांनी तोललेली असते. ट्रकमध्ये तिचा सारा भार त्या दोन ओंडक्यांवर आला आणि साडेतीनशे किलोमीटरचे धक्के तिने तेथेच सोसले. संध्याकाळी उतरवून घेताना ड्रायव्हरला घाई होती. घेणाऱ्याने पोचपावतीवर ‘माल सुस्थितीत मिळाला’ असे लिहून सही दिली. तिसऱ्या दिवशी बोट पाण्यात घातली तेव्हा कण्याजवळ पाणी झिरपू लागले.

पुढचे सारे कागदाचे झाले. विमा होता, पण सर्वांत कमी हप्त्याचा, आग आणि वीज यांपुरता. वाहतूकदाराच्या गाडीचा विमा होता, परंतु तो गाडीचा. आतल्या मालाचा नव्हे. पुष्कळांची येथे गल्लत होते. राहिली वाहतूकदाराची कायदेशीर जबाबदारी. १८६५ चा जुना वाहक कायदा जाऊन त्याच्या जागी रस्ते वाहतुकीचा २००७ चा कायदा आला. तो १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्याखालील नियमांप्रमाणे, जास्त जोखमीचा दर भरण्याचे लेखी ठरले नसेल, तर नुकसानभरपाई भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. म्हणजे साडेनऊ लाखांच्या बोटीमागे फार तर ४ लाख २० हजार. तेही मिळाले असते. पण बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस दिल्याशिवाय दावा लावता येत नाही. मुलगा सहा महिने फोन करत राहिला. प्रत्येक वेळी पलीकडून ‘बघतो, शेठ’ असे गोड उत्तर मिळाले. गोड बोलण्यात १८० दिवस सरतात. कर्जाचे हप्ते वडिलांनी धान्याच्या दुकानातून फेडले, बोटींचे काम बंद झाले आणि त्या घरात तो विषय निघेनासा झाला.

हे प्रकरण पाहिल्यावर काय करायला हवे होते ते उघड होते. बोटीच्या तळाच्या आकाराची घोडी करून घ्यावी, तिला जुने टायर किंवा गोणपाट लावावे आणि कण्याला सलग आधार द्यावा. इंजिन, छत, रेलिंग काढून स्वतंत्र बांधावे, टाकीतले इंधन रिकामे करावे. हायड्राने उचलताना तारेचा दोर वापरू देऊ नये, रुंद पट्टेच वापरावेत. ताडपत्री सैल राहिली तर वाऱ्याने फडफडून रंगाचा थर घासते, म्हणून ती एक तर घट्ट बांधावी किंवा घालूच नये. माल पाठवण्याच्या चिठ्ठीत बोटीची खरी किंमत लिहावी. कर वाचावा म्हणून किंमत कमी दाखवणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय विमाही त्याच प्रमाणात कमी मिळतो. विमा सर्व जोखमींचा, म्हणजे ‘ए’ कलमांचा घ्यावा आणि चढवणे-उतरवणे त्यात आहे का हे विचारावे. हॉल्टिंग, हमाली, टोल, परवानगीचा खर्च कोणाकडे, हे भाड्यासोबतच लिहून घ्यावे. घाटात गाडी अडकल्यावर या विषयाची चर्चा नेहमी दुसऱ्याच्या सोयीने होते.

गाडीत जागा उरली म्हणून इंजिने, रेझिनचे पिंप, आणखी काही माल त्याच फेरीत कोंबण्याचा मोहही आवरावा. जादा भाराला २०१९ च्या दुरुस्तीपासून २० हजार रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार आहेत. आपल्याकडे याचा विचार कायद्याच्या फार आधी झाला आहे. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण मोजले आहे. तेव्हा ते बैलाविषयी होते. आज ते घाट उतरणाऱ्या ड्रायव्हरविषयी आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराविषयी नाही, असे कोणी म्हणू शकेल असे मला वाटत नाही.

उतरवताना आपले माणूस दिवसाउजेडी तेथे हजर हवे. चारही बाजूंची आणि तळाची छायाचित्रे गाडीवर असतानाच काढावीत, आणि पोचपावतीवर ‘तपासणी बाकी’ असे लिहूनच सही करावी. वाहतूकदार कुरकुर करील, करू द्यावी. भाड्याचा मोठा भाग आगाऊ द्यावाच लागतो, तो रिवाज आहे. पण एक चतुर्थांश रक्कम बोट पाण्यात घालून दोन तास तरंगू दिल्यावर आणि तळातील फळी उचलून आतून कोरडी पाहिल्यावर द्यायची, असे बुकिंगच्या वेळीच लेखी ठरवून घ्यावे.