सहा की सतरा?

डोंबिवलीला मावशीकडे मुक्कामाला होते. रात्री २ वाजता पाणी प्यायला उठले, तर सगळं घर निजलेलं आणि राउटरचा हिरवा दिवा एकसारखा फडफडतोय. "घराचा मेन स्विच बंद करून चालू केला की थोडा वेळ गप्प बसतो, मग पुन्हा सुरू," काका सकाळी म्हणाले. दिवा डोक्यातून जाईना. रविवारी नेटवर्कचं काम करणारा मुलगा आला, तेव्हा त्याच्या शेजारीच बसून राहिले.

"नेटला जोडलेल्या वस्तू किती?" त्याने विचारलं. काकांनी बोटांवर मोजलं. ६.

त्याने पिशवीतून लहानशी पेटी काढली. ही फायरवॉल. राउटरच्या पुढे ती नुसती जोडली, तर घरातली सगळी यंत्रं तिला राउटरच्या एकाच पत्त्यावरून बोलताना दिसतात. कोण बोललं ते कळत नाही. म्हणून पत्ते वाटायचं काम त्याने राउटरकडून काढून पेटीला दिलं. यादी आली. १७.

"१७?" काका यादी पुन्हा पुन्हा मोजत राहिले. फोन, टीव्ही, एसी, बल्ब, वजनकाटासुद्धा. काहींना नावच नव्हतं. मॅक पत्त्याच्या पहिल्या सहा अक्षरांवरून तो त्यांची कंपनी शोधत होता.

मग लॉग, म्हणजे कोण कुठे बोललं याची नोंद. ओळी सरकू लागल्या आणि प्रत्येक परका पत्ता पाहून माझ्या पोटात गोळा येत होता. तो शांत. "हा पोर्ट १२३. टीव्ही घड्याळ लावून घेतोय." पुढच्या ओळीवर बोट थांबलं. पोर्ट २३. एकच यंत्र, आणि जगभरातल्या अनोळखी पत्त्यांची दारं ते एकामागून एक ठोठावत होतं. "टेलनेट, दुरून यंत्रात शिरायची जुनी वाट. घरातल्या कॅमेऱ्याचं तिथे काय काम?"

त्याने दारावरच्या कॅमेऱ्याची वायर उपसली. ओळी थांबल्या. दिवाही निवला.

२०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामने असेच कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या होत्या, बस. त्या यंत्रांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला वेबसाइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अडखळले. मिराई फक्त यंत्राच्या मेमरीत राहायचा. वीज गेली की पुसला जायचा, पासवर्ड तोच असेल तर परत शिरायचा. काकांच्या "थोडा वेळ गप्प"चा अर्थ तेव्हा लागला.

कॅमेरा उलटा केला. धूळ बसलेल्या चिकटपट्टीवर छापलेलं नाव 'अॅडमिन', पासवर्डही 'अॅडमिन'. बसवणाऱ्याने मजुरी घेतली, भिंतीला भोक पाडलं आणि तो निघून गेला. हा निष्काळजीपणाच, दुसरा शब्द नाही. भर म्हणजे राउटरचं यूपीएनपी चालू होतं. कॅमेऱ्याने मागितलं की ते बाहेरून आत यायचं दार आपणहून उघडतं.

मुलाने यूपीएनपी बंद केलं, कॅमेरा मूळ स्थितीत आणून त्याचं फर्मवेअर नवं केलं, पासवर्ड बदलला आणि मग त्याला पाहुण्यांच्या वेगळ्या वायफायवर टाकलं. दीड तास लागला.

कॅमेरा बसवून घेताना बसवणाऱ्याला दारातच थांबवा आणि पासवर्ड तुमच्यासमोर बदलून घ्या. आणि आज रात्री राउटरची यादी उघडून घरातली यंत्रं एकदा मोजा.