अनामत कोणाची?

लिलावातील अनामत म्हणजे बोली लावणाऱ्याने दिलेला शब्दच होय. मुंबईची जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. जून २०२१ मध्ये जालान-कॅलरॉक गटाची पुनरुज्जीवन योजना मंजूर झाली. परंतु तिची पूर्तता झाली नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढली, गटाचे २०० कोटी रुपये जप्त केले आणि १५० कोटींची बँक हमी वटविण्यास धनकोंना मुभा दिली. शब्द मोडणाऱ्यास ही शिक्षा योग्यच. पण ज्याची बोली नाकारली गेली, त्याचा अपराध कोणता? उमरठचा शेतकरी असो वा मुंबईचा कारखानदार, त्याची अनामत विनाविलंब परत मिळालीच पाहिजे. नाहीतर प्रामाणिक माणूस पुढच्या लिलावाकडे फिरकणार नाही. बोली घटेल आणि त्याची झळ अखेर थकलेल्या पगाराची वाट पाहणाऱ्या कामगाराला बसेल.