न घडलेली नजर

लुई माल हा फ्रेंच दिग्दर्शक आपल्याकडे आठवतो तो 'फँटम इंडिया'मुळे. त्या मालिकेवरून दिल्लीने बीबीसीचं कार्यालय बंद करायला लावलं, ती १९७०ची गोष्ट जुन्या वाचकांना माहीत आहेच. मला मात्र वर्षानुवर्षं धरून ठेवलंय ते त्याच्या १९८७च्या 'ओ रव्वार, ले झाँफाँ'ने. व्हेनिसचा सुवर्णसिंह, सात सेझार, हे सगळं त्याला मिळालं. पण माझी ओढ त्यातल्या एका क्षणाची.

गेस्टापोचा माणूस वर्गात येतो, किपेलस्टाइन कोण म्हणून विचारतो, आणि छोटा ज्यूलियँ, म्हणजे पडद्यावरचा मालच, नकळत मित्राकडे पाहतो. तेवढ्यावरून बॉने या खोट्या नावाने लपलेला तो ज्यू मुलगा सापडतो.

ही नजर मालने रचलेली आहे. १५ जानेवारी १९४४ रोजी फाँतेनब्लोजवळच्या आव्हाँच्या शाळेत तो स्वतः होता, अकरा वर्षांचा. त्याने तसं पाहिलं नव्हतं. पकडला गेलेला हान्स-हेल्मुट मिशेल पडद्यावरच्याइतका त्याचा जिवलगही नव्हता. हे मालनेच पुढे सांगून टाकलं. मग न केलेला गुन्हा स्वतःच्या माथी का घ्यायचा? मला वाटतं, आपण वाचलो आणि तो गेला, या बोचणीला दाखवण्याजोगी कृतीच नसते. मालने तिला ती दिली. आणि जी मैत्री अजून नीट जुळलीच नव्हती, ती पडद्यावर पुरी होऊ दिली. हे सुचायला त्रेचाळीस वर्षं जावी लागली.

चित्रपटातले फादर जाँ म्हणजे खरे पेअर जाक, मूळ नाव ल्यूसियँ ब्यूनेल. जन्म १९००, नॉर्मंडीतल्या बारांतँ गावी, सूतगिरणीतल्या कामगाराच्या घरी. पुढे ते कार्मेलाइट झाले आणि १९३४मध्ये त्यांनी ही शाळा काढली. ज्यू मुलांना खोट्या नावांनी दाखल करून घेणं हा त्यांचा निर्णय. अटक होऊन जाताना त्यांनी मुलांचा घेतलेला निरोप हेच चित्रपटाचं शीर्षक झालं.

शेवटी खुद्द मालचा आवाज सांगतो की फादर माउथहाउझेनला मेले. खरी हकीकत याहून जिव्हारी लागते. माउथहाउझेनच्याच गुझेन या उपछावणीत ते पोलिश शिकले, पोलिश कैद्यांचे पापनिवेदन ऐकता यावे म्हणून. ५ मे १९४५ला सुटका झाली तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं. २ जूनला लिंत्समध्ये ते वारले. हे अठ्ठावीस दिवस चित्रपटात नाहीत, याची मला खंत आहे. १९८५मध्ये याद वाशेम या इस्रायलमधल्या होलोकॉस्ट स्मारकाने त्यांचा गौरव केला.

शाळेतून पकडलेल्या तीन ज्यू मुलांना आउश्वित्सला नेणारी गाडी ३ फेब्रुवारी १९४४लाच सुटली होती. पडद्यावर त्यांची नावं बदललेली आहेत. म्हणून चित्रपट पाहाल तेव्हा खरी नावंही लक्षात असू द्या: हान्स-हेल्मुट मिशेल, जाक हाल्पेर्न, मोरिस श्लोसेर.