भीमा का बदलला?

मे महिन्याच्या सुट्टीत मी मुंबईला मामाकडे गेलो होतो. मामा काळाचौकीला चाळीत राहतात. आजोबा पण तिथेच असतात. ते पूर्वी कापडगिरणीत कामाला होते. एका रात्री लाईट गेली तेव्हा त्यांनी मला अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही गोष्ट सांगितली. मला लई भीती वाटली. पण ती गोष्ट भुताची नाही, हावेची आहे.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे झाला. लहानपणी ते वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला गेले. त्यांनी गिरणीतही काम केले.

गोष्टीतला भीमा वारणाकाठचा. अंगाने पैलवानासारखा. मुंबईजवळ दगडाच्या खाणीत त्याला काम मिळते. पण पुढे खाण बंद पडते. घरी बायको आणि लहान मुलगी. आता खायचे काय? एके दिवशी त्याला मढ्याच्या राखेत सोन्याची अंगठी सापडते. इथपर्यंत भीमा वाईट नाही, तो उपाशी आहे.

पुढे तो रोज स्मशानात जाऊन राख चाळू लागतो. पोट भरू लागते, तरी तो थांबत नाही. मग पुरलेली मढीसुद्धा उकरतो. बायको नको म्हणते, तिचे तो ऐकत नाही. आधी त्याची भीती जाते, मग दया जाते. मेलेला माणूस कोणाचा तरी बाप होता, आई होती, हे त्याला दिसतच नाही. त्याला फक्त सोने दिसते. हाव माणसाला अशी हळूहळू बदलते.

एका रात्री कोल्हे पण त्याच मढ्यावर येतात. भीमा त्यांच्याशी झुंजतो. मग मढ्याच्या तोंडात सोने शोधताना त्याची बोटे दातांत अडकतात. शेवटी डॉक्टर दोन बोटे कापतात. आणि त्याच दिवशी कळते की खाण परत सुरू झाली! काम आले, पण बोटे गेली. एवढा मोठा भीमा लहान पोरासारखा रडतो.

मी म्हणालो, "भीमा हावरट होता." आजोबा म्हणाले, "बाळा, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप झाला. माझं काम गेलं ते गेलंच. दोन वर्षं मी भाजीच्या पाट्या वाहिल्या. भुकेला हाव म्हणू नये. पण भूक भागल्यावर जो हात थांबत नाही, ती हाव."

मग मला माझीच गोष्ट आठवली. मला पिठाच्या गिरणीपाशी दहाची नोट सापडली होती. मी ती कोणाची म्हणून विचारलेच नाही. दुसऱ्या दिवशी परत तिथेच शोधत बसलो आणि शाळेला उशीर झाला. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीच्या पिशवीतून पैसे पडतात का, तेच बघत होतो. ते आठवून मला लाज वाटली. आजोबांना मी ते सांगून टाकले. ते रागावले नाहीत.

मित्रांनो, अति तेथे माती. हात कुठे थांबवायचा ते आपणच ठरवायचे असते.

— इयत्ता चौथी